सभासदांचं थिएटर

मुंबई-पुण्यातलं एखादं जुनं थिएटर बंद पडलं की बॉस्टनमधल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस हळवेपणाला ऊत येतो. कुणी बाल्कनीच्या तिकिटाचा दर सांगतं, कुणी डोअरकीपरची बॅटरी आठवतं, कुणी ‘सरकार झोपलंय का’ असं तळमळून विचारतं. तिसऱ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमाचा मेनू येतो आणि श्रीखंड की गुलाबजाम यावर सगळे तुटून पडतात.

मायदेशातला वादही ठरलेल्या दोन रुळांवरूनच धावतो. एका बाजूचं म्हणणं, हा आपला सांस्कृतिक ठेवा आहे, सरकारने ताब्यात घ्यावा. दुसरी बाजू म्हणते, जागा मालकाची, धंदा मालकाचा, तोटाही त्याचाच. तुम्ही शेवटचं तिकीट कधी काढलं होतं? दुसऱ्या बाजूचं पटतं, हे कबूल करायला जीवावर येतं, पण पटतं. ज्यांनी दहा वर्षांत त्या थिएटरची पायरी चढली नाही, त्यांनी मालकाला संस्कृती शिकवू नये. जोडीला मराठी सिनेमाला पडदे मिळत नाहीत हा बारमाही वाद आहेच. 2015 साली सरकारने मल्टिप्लेक्सना मराठीला प्राइम टाइम द्यायला सांगितलं, तेव्हा प्राइम टाइम म्हणजे दुपारी बारा ते रात्री नऊ असा अर्थ निघाला. कामावर जाणाऱ्या माणसाला बाराचा खेळ प्राइम कसा, हे विचारायचं नाही. 2025 च्या पावसाळ्यात एका मराठी चित्रपटाचे खेळ उतरवून हिंदीला दिले म्हणून पुन्हा तीच निवेदनं आणि तेच इशारे.

या सगळ्यात पडद्याची मालकी कोणाकडे, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. मला तो सुचला त्याचं कारण माझ्या घरापासून ट्रामच्या थोड्याशा अंतरावर आहे.

बॉस्टनला लागून ब्रुकलाइन नावाचं गाव आहे. तिथल्या हार्वर्ड स्ट्रीटवर कूलिज कॉर्नर थिएटर आहे. 1906 साली ती इमारत चर्च म्हणून बांधली गेली आणि 1933 साली तिचं आर्ट डेको पद्धतीचं सिनेमागृह झालं. आपलं कुलाब्याचं रीगलही 1933 चंच. सत्तरच्या दशकात इथे निवडक, जुने, परदेशी चित्रपट लावायला सुरुवात झाली, बाल्कनी वेगळी काढून दुसरा पडदा केला गेला. आणि 1988 च्या सुमाराला जे लालबागला, सदाशिव पेठेत, कुठेही होतं तेच इथेही होऊ घातलं. चौकातली मोक्याची जागा, तोट्यातला धंदा, विकायला निघालेला मालक.

पुढचा भाग आपल्याकडच्यापेक्षा वेगळा आहे. डेव्हिड क्लायलर नावाच्या सिनेमाच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी ना-नफा संस्था काढली. पैसे गोळा करायला लागले. तेवढ्याने इमारत विकत घेता येत नव्हती. 1989 साली हॅरोल्ड ब्राउन या बिल्डरने ती विकत घेतली आणि या संस्थेला नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने भाड्याने दिली. म्हणजे ज्याला आपण अशा गोष्टीत खलनायक धरतो, त्या बिल्डरनेच सही केली. इमारत त्याची राहिली. पडद्यावर काय लागणार हे मात्र संस्था ठरवू लागली. पुण्यात प्रभात कंपनीचा करार 2014 च्या अखेरीस संपला आणि आप्पा बळवंत चौकाजवळचं ‘प्रभात’ किबे कुटुंबाकडे, आपल्या मूळच्या ‘लक्ष्मी’ या नावाकडे परत गेलं, तेव्हा पुणेकरांना जे दुःख झालं ते मी समजू शकते. पण करार म्हणजे करार. फरक एवढाच की एका करारात प्रेक्षक पक्षकार होता, दुसऱ्यात नव्हता.

आज कूलिजमध्ये काय चालतं ते जरा सविस्तर सांगते, कारण ‘ना-नफा थिएटर’ म्हटलं की आपल्याला ट्यूबलाइटखालची सतरंजी आणि कळकट प्रोजेक्टर दिसतो. इथे नवे, गर्दी खेचणारे इंग्रजी चित्रपटही लागतात; त्यांच्या गल्ल्यावर आणि पॉपकॉर्नवर बाकीचा संसार चालतो. 2023 साली ‘ओपेनहायमर’ 70 मिलिमीटरच्या फिल्मवर दाखवणाऱ्या मोजक्या थिएटरांत हे होतं. शुक्रवार-शनिवारी मध्यरात्री भयपट आणि तऱ्हेवाईक चित्रपट, विद्यार्थ्यांच्या गर्दीत. तान्ही बाळं घेऊन येणाऱ्या आयांसाठी वेगळे खेळ, दिवे थोडे चालू ठेवून; बाळ रडलं तर कुणी वळून बघत नाही. मनोविश्लेषकांबरोबर चित्रपटावर चर्चा. आणि 2005 पासून चालू असलेला, माझ्या सर्वांत आवडीचा, ‘सायन्स ऑन स्क्रीन’: चित्रपटाआधी एक शास्त्रज्ञ स्टेजवर येऊन त्या चित्रपटातल्या एखाद्या धाग्यावर बोलतो. झॉम्बीच्या चित्रपटाआधी मेंदूवर, आपत्तीच्या चित्रपटाआधी भूकंपावर, अशा धर्तीचं. विज्ञानविषयक उपक्रमांना पैसा देणाऱ्या स्लोन फाउंडेशनच्या अनुदानामुळे हाच कार्यक्रम आता अमेरिकेतल्या इतर छोट्या थिएटरांतही होतो. बॉस्टनमध्ये दगड मारला तर शास्त्रज्ञाला लागतो, त्यामुळे वक्त्यांची ददात नाही. पण पुण्यात तरी कुठे आहे? आयुका, एनसीएल, आयसर या विज्ञानसंस्था, आणि कोथरूडमध्ये प्रत्येक इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक, ज्याला बोलायला फक्त माइक हवा असतो.

जुना चित्रपट 35 मिलिमीटरवर असेल तर मी मागच्या रांगेत बसते. शेजारी शेजारी दोन प्रोजेक्टर असतात. साधारण वीस मिनिटांचं एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो, ऑपरेटर दुसरं मशीन सुरू करतो. पुन्हा ठिपका, आणि चित्र एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं. चुकलं तर पडदा पांढरा पडतो. आपल्याकडे अशा वेळी शिट्ट्या आणि आईबहिणीचा उद्धार होत असे. इथे खेळाआधी ऑपरेटरचं नाव घेऊन सांगतात की आज मशीनवर अमुक आहेत, आणि लोक टाळ्या वाजवतात. हे जरा अतिच होतं असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. आता मीही वाजवते.

2024 साली मागच्या बाजूला वाढीव इमारत झाली, आणखी दोन पडदे आले, वर वर्ग आणि चर्चांसाठी जागा आली. मल्टिप्लेक्स कंपन्या पडदे बंद करत असताना एका ना-नफा संस्थेने पडदे वाढवले. यासाठीचे पैसे तिकिटातून निघत नाहीत. नव्या चित्रपटाच्या पहिल्या आठवड्यात तिकिटाचा निम्म्याहून अधिक पैसा वितरक नेतो, तो ना-नफा म्हणून सूट देत नाही. उरलेलं सभासदांच्या वर्गणीतून, देणग्यांतून, अनुदानांतून. देणगीवर देणाऱ्याला करसवलत मिळते. कोविडमध्ये तर केंद्र सरकारने बंद पडलेल्या नाट्यगृहांना, सिनेमागृहांना सोळा अब्ज डॉलरहून मोठी योजना आणून हात दिला. तेव्हा ‘अमेरिकेत बघा, सरकारच्या तोंडाकडे न पाहता लोक कसं करतात’ असं भाषण ठोकणाऱ्या माझ्या अनिवासी बांधवांनी थोडं दमाने घ्यावं.

आणि ब्रुकलाइन म्हणजे काही लालबाग नाही. ते श्रीमंत, शिकलेलं गाव. दुपारच्या खेळाला पाहिलं तर पांढऱ्या केसांचा समुद्र. तिकीट पंधरा-सोळा डॉलर. देणगी देणाऱ्यांच्या आवडीचं तेच लागत जाण्याचा धोका अशा संस्थेला कायम असतो. मोठ्या देणगीदाराला न दुखावणारा कार्यक्रम म्हणजे बऱ्याचदा निरुपद्रवी कार्यक्रम. मराठी चित्रपट मी तिथे पाहिलेला नाही. तो पाहायचा तर हमरस्त्यालगतच्या मल्टिप्लेक्समध्ये, शनिवारी अवेळी, मंडळाने आगाऊ तिकिटं खपवली असतील तर. म्हणजे चांगल्या संस्थेलाही आपला प्रेक्षक दिसतो तेवढाच प्रेक्षक दिसतो.

तरीही हे आपल्याला परकं आहे असं मी मानत नाही, आणि त्यासाठी गिरगावात एक फेरी मारली तरी पुरे. 1913 च्या मे महिन्यात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ जिथे लागला ते कॉरोनेशन कधीच नाहीसं झालं. 1931 च्या मार्चमध्ये ‘आलम आरा’ लागला, भारतीय पडदा पहिल्यांदा बोलला, ते मॅजेस्टिक. त्या जागी आता मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे. आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, चर्नी रोडला, केळेवाडीत साहित्य संघ मंदिर उभं आहे. मुंबई मराठी साहित्य संघ ही 1935 सालची सभासदांची संस्था. डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी ती वाढवली, आणि 1964 साली तिचं स्वतःचं नाट्यगृह झालं. आज तिथे पूर्वीइतकी वर्दळ नाही हे खरं. पण त्याचा मॉल झाला नाही, कारण विकायला एकटा मालकच नव्हता.

दादरचं शिवाजी मंदिर शिवाजी स्मारक मंडळाचं. पुण्यात सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर, मूळ संस्था 1894 ची. नाटकासाठी आपण वर्गणी काढली, ट्रस्ट केले, भांडलो, निवडणुका लढवल्या, कोर्टात गेलो, आणि या सगळ्यातून इमारती टिकल्या. वाचनालयांचं तेच. गणपतीचा मांडव तर सांगायलाच नको. सिनेमाचं मात्र एकही ठळक उदाहरण मला आठवत नाही. असं का झालं असेल? माझा अंदाज असा की नाटक हौशी मंडळींनी घरचं कार्य म्हणून वाढवलं, सिनेमा मात्र पहिल्या दिवसापासून धंदा म्हणून आला. वितरक, टक्केवारी, निर्मात्याकडून घेतलेलं आठवड्याचं थिएटर भाडं, करमणूक कर, दाराशी ब्लॅकवाले. प्रतिष्ठित माणसाने सिनेमा पाहावा, पण थिएटरच्या कमिटीवर बसू नये, असा काहीतरी अलिखित नियम होता.

प्रेक्षकांच्या संघटना मात्र झाल्या. मुंबईत प्रभात चित्र मंडळ 1968 पासून आहे, पुण्यात आशय आहे. वर्गणी भरणारा, पोलिश चित्रपटाला रांग लावणारा सभासद त्यांनी घडवला. त्यांच्याकडे प्रेक्षक होता, वक्ते होते, चित्रपट निवडण्याची दृष्टी होती; हॉल मात्र कायम दुसऱ्याचा. आणि हॉलवाल्यांकडे हॉल होता, बाकी काहीच उरलं नव्हतं. या दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही.

वारसा यादीने हे काम होत नाही. 2018 साली मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना युनेस्कोचा दर्जा मिळाला, त्यात रीगल आणि इरॉस ही सिनेमागृहंही आली. दर्जामुळे दर्शनी भिंत सुरक्षित होते, आत काय लागेल ते नाही. इरॉस कित्येक वर्षं बंद राहून 2024 साली मल्टिप्लेक्स कंपनीच्या आयमॅक्स पडद्यासह उघडलं. उघडलं हे चांगलंच झालं. पण तिथे एका मंगळवारी प्रभात कंपनीचा जुना बोलपट लागेल आणि आधी कुणी त्यावर बोलेल, अशी आशा मी धरणार नाही.

मग प्रयोग कुठे करायचा? माझ्या मते लालबागच्या भारतमातावर. गिरणगावचं थिएटर, मराठी चित्रपटांचं हक्काचं घर, कामगाराच्या खिशाला परवडणारं तिकीट. आणि जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे सार्वजनिक मालकीची. तिच्यावरून वर्षानुवर्षं वाद चालला, प्रत्येक वेळी आंदोलन, आश्वासन, तात्पुरता दिलासा. इथे हॅरोल्ड ब्राउनची वाट पाहायची गरज नाही. जमीनमालक सरकारी आहे, दीर्घ मुदतीचा करार करणं हा निव्वळ इच्छेचा प्रश्न आहे. आज जे चालवतात त्यांना बाजूला सारून नव्हे, त्यांना बरोबर घेऊन. दहा हजार सभासद, वर्षाला पाचशे रुपये, हा काही आकाशातला आकडा नाही. आमच्या पिढीने ऑर्केस्ट्राच्या पासांवर याहून जास्त उधळलेत.

अडचणी ढीगभर आहेत. ट्रस्ट म्हटला की दोन गट आले, धर्मादाय आयुक्तांकडे अडकलेले विश्वस्त-बदलाचे अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट आले, ‘मी असताना’ म्हणणारे माजी कार्यवाह आले. वर्गणीदारांचं राज्य आलं की तिकीट वाढवून वातानुकूलन सुधारा, महोत्सव भरवा अशी मागणी होणार, आणि दुपारी बाराच्या खेळाला येणारा परळचा म्हातारा बाहेर फेकला जाणार. ब्रुकलाइनमध्ये हा प्रश्न आला नाही, कारण तिथे तो म्हातारा नव्हताच. म्हणून भारतमातासाठी करार करायचाच तर तिकिटाची कमाल मर्यादा त्यात लिहून घ्यावी, भावनेवर सोडू नये.

राहिला आम्हा परदेशस्थांचा वाटा. मराठी मंडळांच्या अधिवेशनाला पाहुणे कलाकार आणायला आम्ही सढळ हाताने खर्च करतो, तेव्हा पैसे नाहीत असं कुणी म्हणू नये. अमेरिकन नागरिक झालेल्यांची देणगी परदेशी देणगी ठरते, आणि त्यासाठी संस्थेला एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती मिळणं आजकाल सोपं नाही. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्यांना हा अडसर नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेमुळे असे लोक आमच्यात भरपूर आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करा, आणि पावती ईमेलवर पाठवा. मागच्या वेळी एका संस्थेला दिलेल्या वर्गणीची पावती मी अजून मागतेय.