कवितेला जरा एकटं सोडा ना!

विरहाची कविता रंगमंचावर आली की मागून बासरी सुरू झालीच म्हणून समजा! खरंच वैताग आलाय आता. इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. त्यानंतरचं एकटेपण बाईंनी किती संयमानं, किती मोजक्या शब्दांत लिहिलं. आणि आपण त्याचं काय करतो? मागच्या पडद्यावर व्हिडिओतला पाऊस, निळा स्पॉट, कीबोर्डवरची सारंगी. वाचणारी मुलगी गुणी, आवाज छान, पण दुसऱ्याच ओळीला तिला हुंदका द्यायला लावलेला. शेवटची ओळ संपते न संपते तोच निवेदक माइकवर, ‘क्या बात है, जोरदार टाळ्या!’ वर कवितेचा अर्थही तोच सांगणार. अहो, दहा सेकंद तरी गप्प बसू द्या की आम्हाला!

म्हणे आजच्या प्रेक्षकाला नुसती कविता झेपत नाही. कोणी सांगितलं? पु. ल. आणि सुनीताबाईंनी बोरकर, मर्ढेकर नुसते वाचून दाखवले आणि लोकांनी ते कान देऊन ऐकले. तेव्हाचे लोक वेगळे होते म्हणता? परवा माझ्या शेजारी विशीतला एक मुलगा मोबाइल खिशात टाकून, डोळे मिटून ऐकत होता. बासरी घुसली आणि त्यानं डोळे उघडले, मोबाइल पुन्हा हातात. त्याला कवितेनं नाही, तुमच्या सजावटीनं घालवलं.

पुढच्या प्रयोगात निदान एक कविता वाद्यांशिवाय होऊ द्या. एकच!