नायजर डेल्टाचा पैसा गावापर्यंत पोहोचला कुठे?

नायजेरियाच्या तेलपट्ट्याविषयी एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : सरकारने आणि तेल कंपन्यांनी नायजर डेल्टात भरपूर पैसा ओतला, विकास आयोग नेमला, शाळा-दवाखाने बांधले, पण तिथले लोकच तेलवाहिन्या फोडतात आणि तेल चोरतात, म्हणून विकास बुडाला. यातला प्रत्येक मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अडचण उरलेल्या अर्ध्यात आहे.

पैसा ओतला, हे मान्य. १९९९च्या राज्यघटनेनुसार नैसर्गिक संपत्तीच्या उत्पन्नातला किमान १३ टक्के वाटा ती जिथे निघते त्या राज्यांना मिळतो. मात्र तो जातो राज्य सरकारच्या तिजोरीत, गावाच्या नव्हे. या तिजोरीच्या किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या, त्या निवडून आलेल्या गव्हर्नरांपैकी डेल्टा राज्याचे जेम्स इबोरी यांनी २०१२ मध्ये लंडनच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि त्यांना १३ वर्षांची शिक्षा झाली. गंमत अशी की, २००९ मध्ये त्यांच्याच राज्यातल्या असाबा येथील न्यायालयाने त्यांच्यावरचे सगळेच्या सगळे १७० आरोप फेटाळले होते. शेजारच्या बायेल्साचे गव्हर्नर आलामियेसेघा २००५ मध्ये लंडनमध्ये पकडले गेले, जामिनावर असताना मायदेशी पळाले, २००७ मध्ये गुन्हा कबूल करून मोकळे झाले, आणि २०१३ मध्ये त्यांना माफी देणारे राष्ट्राध्यक्ष गुडलक जोनाथन हे एकेकाळी त्यांचेच उपगव्हर्नर होते. कुंपणाने शेत खाल्ले, तर दोष पिकाला देत नाहीत.

राहिला विकास आयोग. २००० साली स्थापन झालेला नायजर डेल्टा विकास आयोग या मजकुरात जमेच्या बाजूला मांडला आहे. २०२१ मध्ये सरकारला सादर झालेल्या लेखापरीक्षणात २००१ ते २०१९ या काळातली १३,७७७ कामे आणि आयोगाची ३६२ बँक खाती मोजली गेली. या कामांची अंमलबजावणी बऱ्याच अंशी संशयास्पद असल्याचे सरकारनेच सांगितले. त्याआधी, जुलै २०२० मध्ये, संसदेच्या समितीपुढे खर्चाचा जाब विचारला जात असताना आयोगाचे प्रभारी प्रमुख खुर्चीतच बेशुद्ध पडले. त्याच सुनावणीत नायजर डेल्टा खात्याचे मंत्री गॉडस्विल अक्पाबियो समितीला म्हणाले की, कंत्राटांचे सर्वांत मोठे लाभार्थी तुम्हीच आहात. त्यावर अध्यक्षस्थानावरून त्यांना माइक बंद करायला सांगण्यात आले. लोकप्रतिनिधींनी हा आरोप नाकारला. तो खरा धरा किंवा खोटा, या भांडणात गावकरी कुठेच नव्हते. टक्केवारी हा शब्द रोज ऐकणाऱ्या मराठी वाचकाला यापुढचे सांगायला नको.

आता तेलवाहिन्या. तेलचोरी होते, मोठ्या प्रमाणावर होते, आणि चोरीचे तेल शुद्ध करणाऱ्या, झाडीत चालणाऱ्या बेकायदा भट्ट्यांनी खाड्या नासवल्या आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गळती झाली की कंपनी, सरकारी यंत्रणा आणि गावकरी मिळून जी पाहणी करतात, तिचा पंचनामा बहुतांशी कंपनीच्या माहितीवर चालतो. आणि त्यात ‘घातपात’ असे लिहिले गेले की भरपाईचा हक्क संपतो. ओगोनी भागातल्या बोदो गावात २००८ मध्ये दोनदा मोठी गळती झाली, ती शेल या तेल कंपनीच्या वाहिनीतल्या बिघाडामुळे. कंपनीने आधी पन्नास पोती तांदूळ, पन्नास पोती घेवडा अशी मदत देऊ केली. गावकरी लंडनच्या न्यायालयात गेले, तेव्हा २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंडांवर तडजोड झाली. गळतीचा आपण दिलेला आकडा कमी होता, हेही कंपनीला मान्य करावे लागले.

शाळा-दवाखान्यांच्या इमारतींविषयी एवढेच विचारतो, की पाण्याचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात निसिसिओकेन ओगाले येथील विहिरींच्या पाण्यात बेंझिन या विषारी रसायनाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक आढळले, आणि तिथल्या भूजलावर शुद्ध केलेल्या तेलाचा ८ सेंटिमीटरचा थर तरंगत होता. जवळची तेलवाहिनी सरकारी तेल कंपनीची होती. लोक तेच पाणी पीत होते.

२०२१च्या पेट्रोलियम कायद्याने गावांसाठी विश्वस्त निधी आणला आहे : कंपनीने वार्षिक परिचालन खर्चाच्या ३ टक्के रक्कम त्यात भरायची. विश्वस्त मंडळ कंपनीच गावकऱ्यांशी सल्लामसलत करून नेमते, आणि विश्वस्त त्या गावचेच असावेत अशी अट नाही. वाहिनी फोडली गेली, तर दुरुस्तीचा खर्च मात्र गावाच्या वाट्यातून वळता होतो, मग फोडणारा गावचा असो वा बाहेरचा.