यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा पुन्हा तोच संदेश आला, आणि या वेळी तो माझ्या सख्ख्या चुलतभावानेच पाठवला होता. मजकूर थोडक्यात असा : मतदार यादीत नाव नसले तरी आधार कार्ड दाखवून ‘कलम ४९-ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या, तुमच्या नावावर दुसऱ्याच कोणी मत दिले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि एखाद्या केंद्रावर टेंडर व्होट १४ टक्क्यांहून अधिक झाले तर तेथे फेरमतदान होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीतही हाच मजकूर फिरला होता. त्यावर विसंबून माझ्या आत्याचे मत हुकलेले मी पाहिले आहे, म्हणून आता गप्प बसणे मला जमत नाही.

पहिला दावा सर्वांत घातक आहे. निवडणूक संचालन नियम, १९६१ काढून पाहावेत. त्यातील नियम ४९-ए मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे : यंत्राला एक कंट्रोल युनिट आणि एक बॅलट युनिट असेल, एवढाच त्याचा विषय. यादीत नाव नसलेल्या माणसाचा किंवा आधार कार्डाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. ‘चॅलेंज’ची तरतूद आहे ती नियम ४९-जे मध्ये, आणि ती संदेशात सांगितल्याच्या नेमकी उलट आहे. समोर उभा असलेला माणूस यादीतला तो मतदार नव्हेच, असा संशय उमेदवाराच्या पोलिंग एजंटला आला, तर तो केंद्राध्यक्षाकडे रोख दोन रुपये भरून आक्षेप घेतो. केंद्राध्यक्ष जागेवरच चौकशी करतो आणि आक्षेप खरा ठरला तर त्या माणसाला मतदान करू देत नाही. म्हणजे मतदार ‘चॅलेंज’ मागत नाही, ते त्याच्यावर घेतले जाते, आणि तेही यादीत असलेल्या नावाबद्दल. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम ६२ तर स्पष्टच सांगते की ज्याचे नाव मतदारसंघाच्या यादीत नाही, त्याला तेथे मतदानाचा हक्क नाही.

२० नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाच्या दिवशी, आत्याला घेऊन मी पुण्यातल्या केंद्रावर गेलो होतो. ती साताऱ्याहून मुलाकडे राहायला आली, तेव्हा आधारवरचा पत्ता बदलला, पण मतदार यादीतले नाव साताऱ्यातच राहिले. पहिल्या टेबलावरच्या मतदान अधिकारी बाईंनी यादीवर पट्टी ठेवून एकेक ओळ दोनदा तपासली. आत्याने मोबाइल पुढे करून तो संदेश दाखवला, बाईंनी तो पूर्ण वाचला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “आजी, असं काही नसतं हो.” बाहेर आल्यावर शाई न लागलेल्या बोटाकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

टेंडर व्होटबद्दलचे विधान मात्र अर्धे खरे आहे, हे मान्य करावे लागते. नियम ४९-पी प्रमाणे, तुमच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल आणि तुम्ही ओळखीच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे दिलीत, तर तुम्हाला यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर मत देता येते. त्याला प्रदत्त मत म्हणतात. पण ते पाकिटात सीलबंद होते आणि नेहमीच्या मतमोजणीत धरले जात नाही. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे नेते सी. पी. जोशी एका मताने हरले, तेव्हा अशा मतांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

१४ टक्क्यांची गोष्ट निव्वळ कपोलकल्पित आहे. फेरमतदानाची कारणे १९५१ च्या अधिनियमातील कलम ५८ आणि ५८-ए मध्ये आहेत : यंत्र नष्ट होणे किंवा पळवले जाणे, त्यात बिघाड होणे, केंद्र बळकावले जाणे. टक्केवारीचा तेथे उल्लेखही नाही. शिवाय केंद्रावर प्रदत्त मतांसाठी साधारण २० मतपत्रिका दिलेल्या असतात. हजार मतदारांच्या केंद्रावर १४ टक्के म्हणजे १४० होतात.

मतदार ओळखपत्र घरी राहिले तर आधार, पॅन, पारपत्र किंवा वाहन परवाना चालतो, हे खरे आहे; मात्र नाव यादीत असावे लागते. आणि यादीतून नावे चुकीने गळतात, ही तक्रारही खोटी नाही. माणूस तेथे राहत नाही म्हणून नाव वगळायचे असेल, तर १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमातील कलम २२ प्रमाणे त्याला आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. ‘लाल बाबू हुसेन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली याच संधीचा आग्रह धरला. नाव वगळण्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. पण उमेदवारी अर्जांची मुदत संपली की त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घालता येत नाही. २०२४ ला ती मुदत २९ ऑक्टोबरला संपली होती आणि आत्याला मतदानाच्या दिवसापर्यंत तो संदेश पुरेसा वाटत होता. पत्ता बदलल्यावर लागणारा नमुना ८ तिने डिसेंबरात भरला.