विकिपीडियावर ‘बळी तो कान पिळी’ चालते का?

विकिपीडियाबद्दलचा एक दावा वरचेवर फिरत असतो. शब्द बदलतात, आशय तोच राहतो: तिथे कोणीही काहीही लिहितो, दोन संपादकांचे पटले नाही की ज्याच्याकडे वेळ जास्त, किंवा ज्याच्या बाजूने माणसे जास्त, त्याचा मजकूर टिकतो, तरीही सुटले नाही तर प्रचालक (पान गोठवण्याचे, खाते रोखण्याचे जादा अधिकार असलेले संपादक) मर्जीप्रमाणे निकाल देतात, आणि असे भांडण झालेला लेख कायमचा बिघडतो. हा दावा तपासायला कोणाची परवानगी लागत नाही. प्रत्येक लेखाच्या माथ्यावर ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ हे दोन दुवे असतात आणि वादाची सगळी कागदपत्रे त्यांच्यामागे उघडी पडलेली असतात. पुढे दिलेले नियम आणि आकडे मुख्यतः इंग्रजी विकिपीडियाचे आहेत, कारण दाव्यासोबत येणारी उदाहरणे बहुधा तिथलीच असतात. इतर भाषांत तपशील बदलतो, गाभा तोच आहे.

‘कोणीही लिहू शकतो’ हे खरे आहे. २००१ साली विकिपीडिया सुरू झाला तेव्हापासून ते जाहीरपणे सांगितले जाते. चूक आहे ती पुढच्या उडीत. लिहिता येते म्हणून लिहिलेले टिकते, असे होत नाही. जतन केलेला प्रत्येक बदल ही स्वतंत्र आवृत्ती असते. तिच्यासोबत वेळ, सदस्य आणि बदलाचा सारांश नोंदला जातो, आणि आधीच्या आवृत्तीपासूनचा फरक शब्दाशब्दाने पाहता येतो. जुनी आवृत्ती परत आणणे हे क्षणाचे काम. नासधूस करायला जेवढे कष्ट पडतात त्याहून ती निस्तरायला कमी पडतात, आणि सर्वांना दार उघडे ठेवणे परवडते ते या हिशेबामुळे. ‘अलीकडील बदल’ या पानावर गस्त घालणारे असतात, लेखात रस असलेले त्याला आपल्या पहाऱ्याच्या सूचीत ठेवतात, आणि क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या (आपोआप चालणारा प्रोग्राम) उघड नासधूस अनेकदा काही सेकंदांतच उलटवतो. ज्या पानांवर उपद्रव जास्त, ती अर्धसंरक्षित होतात. तिथे लिहायला खाते किमान ४ दिवसांचे आणि १० संपादनांचे हवे. फार पेटलेल्या विषयांत ही अट ३० दिवस आणि ५०० संपादनांपर्यंत जाते.

ही व्यवस्था अनेकदा ठेचा खाऊन शिकली आहे. २००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्या चरित्रात त्यांना केनेडी-हत्येशी जोडणारा धादांत खोटा मजकूर घातला गेला आणि तो चार महिन्यांहून अधिक काळ तसाच राहिला. त्या पानाकडे फारसे कोणाचे लक्षच नव्हते. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावर खाते न उघडता नवा लेख तयार करणे बंद झाले आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी कडक धोरण आले: संदर्भ नसलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढायचा.

आता ‘ज्याच्याकडे वेळ जास्त तो जिंकतो’ हा मुद्दा. दाव्यातला हा भाग सर्वांत जास्त पटतो आणि सर्वांत जास्त दिशाभूल करतो, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

दोघे जण एकमेकांचे बदल उलटवत बसले, तर त्याला संपादन-युद्ध म्हणतात आणि त्यासाठी नियम आहे. एका पानावर एका सदस्याने २४ तासांत ३ पेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचे काम उलटवायचे नाही. चौथ्यांदा उलटवले की खाते काही काळ प्रतिबंधित होऊ शकते. नवे संपादक इथे तीन ठिकाणी हमखास फसतात. पहिले, ‘मी दर वेळी वेगळे वाक्य उलटवले’ ही सबब चालत नाही. मोजणी पानाची असते, वाक्याची नसते. दुसरे, ३ ही मुभा नव्हे. रोज दोनदा उलटवत आठवडाभर रेटले, किंवा पंचवीस तास थांबून पुन्हा तेच केले, तरी ते संपादन-युद्धच ठरते. तिसरे, ‘माझे बरोबर होते’ हे उत्तर इथे उपयोगाचे नाही. उघड नासधूस, प्रताधिकारभंग आणि हयात व्यक्तीबद्दलचा बिनसंदर्भ बदनामीकारक मजकूर काढणे एवढेच प्रमुख अपवाद आहेत. संदर्भाचा अर्थ कसा लावायचा यावर मतभेद असेल, तर बरोबर असलेला माणूसही चौथ्या वेळी नियम मोडतो. दुसऱ्याला नुसते थकवून जिंकता येऊ नये, यासाठीच हा नियम आहे.

अनुभवी संपादक तीन पावलांनी जातात: धिटाईने बदल करा, कोणी उलटवला तर पुन्हा लादू नका, चर्चापानावर या. यातले तिसरे पाऊल बहुतेकांचे चुकते. ‘तुम्ही माझा मजकूर का काढलात?’ अशी सुरुवात केली की मुद्द्यावरून गुद्द्यावर यायला दोन प्रतिसाद पुरतात. चर्चापानाच्या तळाशी नवा विभाग उघडावा, शीर्षकात वादाचा विषय लिहावा, व्यक्तीचे नाव लिहू नये. खाली लेखातले सध्याचे वाक्य, आपल्याला हवे असलेले वाक्य आणि त्यामागचा संदर्भ द्यावा. संदर्भ पुस्तकाचा असेल तर आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांकासह तिथली मूळ ओळ उतरवावी. पुस्तक आंतरजालावर नसले तरी चालते, आणि ते कोणत्या भाषेतले आहे यानेही अडत नाही. अडते ते ‘सगळ्यांना माहीत आहे’ या वाक्याने. शेवटी सही करून समोरच्या सदस्याला साद घालावी (म्हणजे त्याचे नाव जोडून त्याला सूचना पोहोचवावी) आणि उत्तराला काही दिवस द्यावेत. सगळे स्वयंसेवक आहेत, कोणी सतत दारात बसलेले नसते.

इतके करूनही एखादा हट्टी सदस्य त्याच त्या मुद्द्याने समोरच्याला जेरीस आणतो, हे घडते. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढचे मार्ग त्याच प्रसंगासाठी आहेत. वाद फक्त दोघांतला असेल तर ‘तिसरे मत’ मागता येते. यादीत नोंद केली की वादाशी संबंध नसलेला एखादा संपादक येऊन आपले मत लिहितो. ते बंधनकारक नसते, तरी कोंडी फोडायला पुष्कळदा तेवढे पुरते. संदर्भ विश्वासार्ह आहे का, एवढाच प्रश्न असेल तर त्यासाठी वेगळा सूचनाफलक आहे. त्याहून मोठा वाद असेल तर समुदायाचे मत मागवले जाते. प्रश्न थोडक्यात आणि दोन्ही बाजूंना मान्य होईल अशा तटस्थ शब्दांत मांडायचा, मग साधारण ३० दिवस चर्चा चालते आणि वादात न पडलेला कोणी तिचा निष्कर्ष लिहितो. बहुतेक वेळा बिघडते ते प्रश्नाच्या मांडणीत. ‘हा पक्षपाती मजकूर काढावा का?’ असे विचारले की पहिला आठवडा प्रश्नावरच भांडण्यात जातो.

संख्याबळाचे काय? निष्कर्ष लिहिणारा डोकी मोजत नाही; धोरण आणि संदर्भ यांच्या आधाराने कोणता युक्तिवाद उभा राहिला, हे पाहतो. विकिपीडिया म्हणजे लोकशाहीचा प्रयोग नव्हे, असे धोरणातच लिहिले आहे. दहा जणांनी ‘सहमत’ एवढेच लिहिले आणि एकाने तीन विश्वासार्ह संदर्भ दिले, तर दहांचे पारडे आपोआप जड होत नाही. आपल्याच मताची माणसे निवडून त्यांना बोलावणे निषिद्ध आहे. बोलवायचेच तर विषयाशी संबंधित सर्वांना, तटस्थ शब्दांत. बाहेरून गोळा केलेली, फक्त या वादासाठी उघडलेली खाती चर्चेत लगेच उठून दिसतात आणि त्यांचे वजन कमी धरले जाते. एकाच माणसाने अनेक खाती वापरल्याचा सबळ संशय असेल तर मोजक्या विश्वासू सदस्यांना त्यांच्या तांत्रिक नोंदी तपासण्याचा अधिकार असतो.

मतदान कधीच होत नाही, असे मात्र नाही. बाल्टिकच्या किनाऱ्यावरच्या एका शहराला पोलिश नाव ग्दान्स्क वापरायचे की जर्मन नाव डान्झिग, यावर इतके संपादन-युद्ध झाले की २००५ मध्ये कालखंडवार मतदान घ्यावे लागले. १३०८ ते १९४५ या काळाच्या संदर्भात डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क, असा निर्णय झाला. पहिल्या उल्लेखात दुसरे नावही द्यायचे ठरले. या निकालात कोणा एका बाजूचा मजकूर टिकला नाही. प्रश्नाचे तुकडे केल्यावर प्रत्येक तुकड्याला वेगळे उत्तर मिळू शकले, आणि मतदानापेक्षा ही फोड करणेच जास्त मोलाचे होते.

प्रचालकांबद्दलचा समज सगळ्यात चिवट आहे. प्रचालकाकडे हत्यारे तीन: पान संरक्षित करणे, पान वगळणे, खाते प्रतिबंधित करणे. लेखात काय लिहावे यात त्याच्या शब्दाला इतर संपादकापेक्षा जास्त किंमत नसते, आणि ज्या वादात तो स्वतः पक्ष आहे तिथे ही हत्यारे वापरायला त्याला मनाई आहे. संपादन-युद्ध थांबवायला पान संरक्षित होते तेव्हा बहुधा त्या क्षणी जी आवृत्ती असेल तीच गोठते. समोरच्या पक्षाला ती प्रचालकाने मान्य केलेली आवृत्ती वाटते आणि मर्जीचा आरोप इथूनच सुरू होतो. प्रत्यक्षात तिच्यावर कोणी शिक्का मारलेला नसतो. चर्चापान उघडेच असते आणि सहमती झाली की संरक्षित पानातही बदल करता येतो. इंग्रजी विकिपीडियावर २००४ पासून काम करणारी लवाद समितीही सदस्यांच्या वर्तनावर निर्णय देते, मजकुरावर देत नाही. विकिमीडिया फाउंडेशन ही विकिपीडियामागची संस्था सर्व्हर, सॉफ्टवेअर आणि कायदेशीर बाजू सांभाळते. लेखांचे संपादन हे तिचे काम नव्हे.

वादाने लेख बिघडतो, हा शेवटचा मुद्दा तर उलटाच निघाला आहे. ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’ या नियतकालिकात २०१९ साली आलेल्या अभ्यासात इंग्रजी विकिपीडियावरचे राजकारण, सामाजिक प्रश्न आणि विज्ञान या विषयांचे लेख तपासले गेले. राजकीयदृष्ट्या विरुद्ध टोकांच्या संपादकांनी मिळून लिहिलेल्या लेखांचा दर्जा एकाच विचाराच्या गटांनी लिहिलेल्या लेखांपेक्षा सरस आढळला. त्यांच्या चर्चा जास्त लांबल्या, पण जास्त मुद्द्याला धरून होत्या. हे कसे घडते ते एखाद्या वादग्रस्त वाक्याचा इतिहास पाहिला की कळते. ‘ही योजना फसली’ या वाक्यावर आक्षेप येतो, मग ‘अमुक अहवालानुसार योजनेची तीनपैकी दोन उद्दिष्टे गाठली गेली नाहीत’ असे काहीतरी उरते. मत गळते, ते कोणाचे होते हे कळते, आकडा येतो, संदर्भ येतो. दोन संदर्भांत जन्मवर्ष वेगवेगळे असेल तर दोन्ही वर्षे आपापल्या संदर्भासह लिहिली जातात. याचा अर्थ नेहमी मधला मार्ग काढायचा असा मात्र नाही. विश्वासार्ह साहित्यात ज्या मताला जेवढे स्थान, लेखात तेवढेच. कोणी कितीही चिकाटीने भांडला तरी सपाट पृथ्वीला भूगोलाच्या लेखात अर्धी जागा मिळत नाही.

दाव्यात तथ्य आहे ते वेगळ्या जागी, आणि तिथे तो नेमका बोट ठेवत नाही. ही सगळी यंत्रणा एका गोष्टीवर उभी आहे: वादाबाहेरचा तिसरा माणूस मिळायला हवा. लहान भाषांच्या विकिपीडियांवर तो मिळत नाही. क्रोएशियन विकिपीडियावर प्रचालकांच्या एका छोट्या गटाने कित्येक वर्षे इतिहासाचे लेख एका बाजूला झुकवले आणि हरकत घेणाऱ्यांना बाहेर काढले; विकिमीडिया फाउंडेशनच्या २०२१ च्या अहवालात ते सविस्तर मांडले आहे. स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर ती भाषा न येणाऱ्या एका तरुण सदस्याने हजारो लेख लिहिल्याचे २०२० मध्ये उघड झाले, तोवर वर्षे लोटली होती. दोन्हीकडे नियम होते, ते वापरायला पुरेशी माणसे नव्हती.

दुसरी खरी कमजोरी फिरून येणाऱ्या संदर्भाची. विकिपीडियावरचे बिनसंदर्भ वाक्य एखादे वृत्तपत्र उचलते आणि मग तेच वृत्त त्या वाक्याचा संदर्भ म्हणून जोडले जाते. कागदावर सगळे नियमात बसते, म्हणून हे पकडणे अवघड. उपाय तारखांचा आहे. लेखाच्या इतिहासात ते वाक्य पहिल्यांदा कोणत्या दिवशी आले ते शोधायचे आणि वृत्ताची तारीख त्याच्याशी ताडून पाहायची. वाक्य आधीचे आणि वृत्त नंतरचे असेल, आणि वृत्तात दुसरा स्रोत दिलेला नसेल, तर तो संदर्भ चर्चापानावर कारण लिहून काढावा आणि स्वतंत्र आधार सापडेपर्यंत वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ हा साचा लावावा किंवा वाक्यच काढावे.

लहान विकिपीडियावर तिसरा माणूस आणायचा तर आधी चर्चापानावरचा मुद्दा चावडीवर, म्हणजे त्या विकिपीडियाच्या सामाईक चर्चेच्या पानावर, न्यावा, एकाच परिच्छेदात, दोन्ही बाजूंच्या वाक्यांसह आणि फरकांच्या दुव्यांसह. त्या विषयावर पूर्वी लिहिलेल्या सदस्यांची नावे लेखाच्या इतिहासात सापडतात. त्या सगळ्यांना साद घालावी, आपल्याशी सहमत असतील त्यांनाच नव्हे. वाद विज्ञान, भूगोल किंवा चरित्राच्या तपशिलाचा असेल तर त्याच विषयाचे इतर भाषांतले चर्चापान पाहावे. तोच प्रश्न तिथे आधी सुटलेला असू शकतो आणि तिथले संदर्भ तपासून वापरता येतात. तिथला निर्णय मात्र आपोआप लागू होत नाही. आणि तक्रार प्रचालकांच्याच वागण्याची असेल, स्थानिक पातळीवर कोणी दाद देत नसेल, तर सर्व प्रकल्पांच्या सामाईक मेटा-विकीवर मत मागवण्याची सोय आहे. तिथे जाताना विशेषणे मागे ठेवावीत आणि तारखेनुसार लावलेले फरकांचे दुवे न्यावेत, कारण वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना लेखाची भाषा येत नसते आणि त्यांना पडताळता येईल असे तेवढेच असते.