बातमी कुठाय?

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पत्रकारितेच्या सर्टिफिकेट कोर्सला अ‍ॅडमिशन घेतली ती काही ध्येयबिय होतं म्हणून नाही, शनिवार-रविवार संध्याकाळी तीन तास घरातून सटकायला सन्माननीय कारण हवं होतं आणि फी हप्त्यांत भरता येत होती. शिवाय आपल्याला लिहिता येतं असा एक समज होताच. टँकरवरून सोसायटीच्या ग्रुपवर मी जे मेसेज टाकते त्यांना अंगठे पडतात, सेक्रेटरींना तर उत्तरच सुचत नाही.

सर म्हणजे तीस वर्षं डेस्कवर काढलेला माणूस, रात्रपाळ्यांनी झोप कायमची उडालेली, खिशात लाल पेन. पहिल्याच दिवशी म्हणाले, आजूबाजूची एखादी घटना घ्या आणि बातमी लिहून आणा. आमच्या गल्लीत त्याच आठवड्यात पाण्याची पाइपलाइन फुटली होती, म्हटलं देवच पावला. दोन फुलस्केप भरले. सुरुवात अशी की माझ्या डोक्याला शाम्पू लावलेला, नळाने फुर्र केलं आणि गप्प झाला, मग मी टॉवेल गुंडाळून शेजारच्या काकूंना हाक मारली तर त्यांच्याकडेही ठणठणाट, आणि त्यांच्याकडे त्याच दिवशी सुनेचं डोहाळजेवण, चाळीस पानं उठायची होती, वगैरे. सरांनी वाचलं. पान उलटलं, परत पुढचं बघितलं, परत उलटलं.

"बातमी कुठाय?"

"ही काय सर."

"ताई, पाइपलाइन दुसऱ्या पानाच्या तळाला फुटलीय. वाचक तोपर्यंत बिनआंघोळीचा ऑफिसला गेला."

मग उलटा पिरॅमिड आला. सगळ्यात महत्त्वाचं वर, बाकीचं उतरत्या क्रमाने खाली, कारण रात्री ऐन वेळी पानावर जाहिरात आली की उपसंपादक बातमी खालून कापतो, तुमचा शेवट किती सुंदर आहे हे बघत बसत नाही. माझ्या पोटात गोळाच आला. आमच्याकडे कुठलीही गोष्ट अशी डोक्यावर उभी करून सांगत नाहीत हो. कीर्तनातसुद्धा आधी पूर्वरंग, मग बुवांना हार, मग उत्तररंग. माझी आई दूध नासलं हे सांगायला गवळ्याच्या मुलीच्या लग्नापासून सुरू करते आणि आम्ही ऐकतो.

दुसऱ्या खेपेला मी कोण, काय, कुठे, कधी, का, कसे हे सहाही 'क' पहिल्याच वाक्यात बसवले. म्हणजे कोंबले. 'गणपती मंदिरामागील जुनी जलवाहिनी केबलच्या खोदकामादरम्यान मजुरांकडून फोडण्यात आल्यामुळे काल सकाळी साडेसातपासून परिसरातील नागरिकांचे पाण्याअभावी प्रचंड हाल होऊन एकच खळबळ उडाली असून तीव्र संताप व्यक्त करण्यात येत आहे.' मला तर वाचून स्वतःचाच अभिमान वाटला, अगदी पेपरसारखं झालं होतं.

सर म्हणाले, हे वाक्य आहे का सहा आसनी रिक्षात बसलेली अकरा माणसं? मग एकेकाला खाली उतरवलं. एकच खळबळ म्हणजे काय, एरवी दोन उडतात का? 'काल' म्हणजे कुठला काल, तुम्ही आज लिहिणार, पेपर उद्या वाचणार, तेव्हा त्याचा काल म्हणजे तुमचा आज, सरळ वार लिहा. संताप कोण व्यक्त करतंय? म्हटलं मी. तुम्ही सोडून कोण? आणि मजुरांनी फोडली हे तुम्हाला कोणी सांगितलं? काकूंनी. काकू तिथे होत्या? नाही, त्यांच्या कामवाल्या मावशी तिथून येत होत्या. म्हणजे सूत्रांनी, सर म्हणाले, आणि पाणीपुरवठा विभागाला फोन करून विचारा, म्हणाले. पण त्यांचा खरा राग 'करण्यात आले' वर. फोडण्यात आले, उपस्थित करण्यात आले, आश्वासन देण्यात आले. कोणी केलं ते सांगायचं नसलं की मराठी माणूस या 'करण्यात' मध्ये जाऊन लपतो म्हणे. हे मात्र मला पटलं, आमच्या घरी कप फुटतो तो कायम असाच फुटण्यात येतो.

शुद्धलेखनाचं तर विचारूच नका. नियम एकूण अठरा, चौदा १९६२ चे आणि चार १९७२ मध्ये वाढवलेले, म्हणजे माझ्या जन्माआधीच सगळा कट शिजलेला. पूल लिहिताना पू दीर्घ, पण पुलाचा म्हटलं की लगेच ऱ्हस्व. वीज दीर्घ, विजेचा ऱ्हस्व. हे कसंबसं डोक्यात बसवून मी ऐटीत 'सुत्रांनी सांगितले' लिहिलं तर तिथे लाल गोल, कारण सूत्र संस्कृतातून जसंच्या तसं आलंय, ते सामान्यरूपातही दीर्घच राहतं. म्हणजे शब्द लिहायच्या आधी त्याचं कूळ-गोत्र बघायचं, लग्न जमवल्यासारखं. एक मेला माझ्या 'कामगार दीन' वर सरांनी शेरा मारला, 'अर्थ बरोबर, शुद्धलेखन चूक.' आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराने, जो सगळं मोबाइलवर टाइप करतो, निधनवार्तेच्या सरावात लिहिलं की 'त्यांच्या पश्चात्ताप पत्नी व दोन मुले असा परिवार आहे', कीबोर्डने सुचवलं म्हणून. सर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

६ जानेवारीला, पत्रकार दिनाला, सरांनी सांगितलं की १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं आणि त्यात मराठीच्या शेजारी इंग्रजीही छापलेली असायची. मी म्हटलं, बघा, ही शेजारीण तेव्हापासूनचीच आहे, मग आमच्या मिंग्लिशवरच एवढा राग का. गुण कापले.

आणि मग एका मंगळवारी सकाळी सहाला चुलत जाऊबाईंचा गावाहून फोन. "तात्या गेले. पहाटे चारला. घरीच, झोपेत. बारापर्यंत ठेवणारेत, धाकट्याची गाडी सोलापूरहून निघालीय." ठेवला. सहाही 'क', महत्त्वाचं वर, एक शब्द फालतू नाही, आणि ही बाई एरवी लोणच्याची रेसिपी पाऊण तास सांगते. मला रडू यायच्या आधी हेच सुचलं याची नंतर लाज वाटली.

पेपरात द्यायची निधनवार्ता अर्थातच माझ्या गळ्यात, घरात आता पत्रकार आहे ना. मी अगदी शिकवल्याप्रमाणे लिहिली. नाव, वय ८४, निवृत्त शिक्षक, कधी, कुठे, पश्चात पत्नी, दोन मुले, मुलगी, सुना, जावई, नातवंडे. ऱ्हस्व-दीर्घ तीनदा तपासलं. तेवढ्यात जावईबापूंचा फोन, वहिनी, आमचं नाव पण येऊ द्या, धंद्यात बरं पडतं. म्हणून शेवटी रीतसर जोडलं, 'बांधकाम व्यावसायिक अमुक अमुक यांचे ते सासरे होत.'

दुसऱ्या दिवशी छापून आली. शब्द न् शब्द माझा, एक वेलांटी हललेली नाही. नातवंडांपर्यंत सगळे आलेले, पूर्णविराम, आणि त्याच्या खाली लगेच गाद्यांच्या सेलची जाहिरात.

जावईबापूंनी वाचायच्या आधीच पंचवीस अंक घेऊन साइटवर वाटले होते. तेराव्याला आले, पानावर बसले, गोडाला हातसुद्धा लावला नाही. मी आग्रह करायला जिलबी घेऊन गेले तर वर बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, शेवटची ओळ कुठाय?"