‘कुणी मेलं नाही’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

मुलं चढता-उतरताना स्कूल बसचे लाल दिवे लुकलुकू लागले की मागच्या आणि समोरच्या गाड्यांनी थांबायचं, या इथल्या अमेरिकेतल्या नियमावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘बाई, आधी कायदा नीट वाचा. मधे दुभाजक असेल तर समोरच्यांना थांबावं लागत नाही. नव्याने आलेल्यांना उगाच घाबरवू नका, दंड आधीच भरमसाट आहे. आपण असेच रस्ते ओलांडून मोठे झालो, कुणी मेलं नाही.’

दुभाजकाचं मान्य. इथे न्यू जर्सीत तसं असेल तर पलीकडच्या गाड्या ताशी १० मैलांच्या आत राहून पुढे जाऊ शकतात. लेखात ते राहिलं, आजच घालते. पण नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये दुभाजक असला तरी थांबावंच लागतं, हे मात्र तुम्ही लिहिलं नाहीत. आणि ‘आधी नीट वाचा’ हे कुणाला सांगता? एडिसनमध्ये सोळा वर्षं गाडी चालवतेय मी. मुद्दा सौम्य शब्दांतही मांडता आला असता.

आता ‘कुणी मेलं नाही’.

साताऱ्याला मी चौथीत होते. माझ्या बाकावरची मुलगी एसटीतून उतरली आणि गाडीच्या पुढून पलीकडे निघाली. मागून आलेल्या टेम्पोने थांबलेली एसटी ओलांडली. टेम्पोवाल्याला ती दिसली नाही, तिला टेम्पो दिसला नाही. हजेरीपटात तिच्या लगेच खाली माझं नाव होतं. दुसऱ्या दिवशी बाई तिच्या नावापर्यंत आल्या आणि त्यांनी पट मिटला. माझं नाव त्या दिवशी घेतलंच गेलं नाही.

तुम्ही ‘आपण’ लिहिलंत. त्या ‘आपण’मध्ये ती नाही, कारण प्रतिक्रिया लिहायला ती उरली नाही.

इंडियानात ऑक्टोबर २०१८मध्ये तीन भावंडं पहाटेच्या अंधारात बसकडे जाताना जिवानिशी गेली. बसचे दिवे लागलेले होते, बाजूचा ‘स्टॉप’च्या पाटीचा हात बाहेर होता. समोरून आलेली पिकअप थांबली नाही. रस्ता दुपदरी, दुभाजक नाही. बसपासून २५ फूट अलीकडे थांबा, असं आपल्या न्यू जर्सीचा कायदा म्हणतो तो अशा मुलांसाठी. पहिल्याच चुकीला किमान १०० डॉलर आणि परवान्यावर चुकीचे ५ पॉइंट, हे तुम्हाला भरमसाट वाटत असेल तर वाटो. त्यावर मी वाद घालणार नाही.

नव्याने आलेले घाबरले तर घाबरू देत. माझी धाकटी रोज सव्वासातला रस्ता ओलांडून बसमध्ये चढते. तिची टोपी अजून आमच्या गाडीच्या बॉनेटच्या वर येत नाही.