वही विचारत नाही: ताईंच्या कमेंटला उत्तर

ताई, ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती देणं, वहीऐवजी कॉम्प्युटरवरच्या फॉर्ममध्ये व्हावं असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, आम्ही बेडजवळ उभं राहून वहीवर ओव्हर द्यायचो, आता पोरी कॉम्प्युटरमध्ये डोकं घालून बसतील, मग पेशंटकडे कोण बघेल? बेडजवळच ओव्हर द्यायचा हे तर माझंही म्हणणं आहे, त्यात वादच नाही.

पण वहीचं सांगतो. कपाशीच्या फवारणीचं औषध घेतलेला चोपड्याकडचा एक पोरगा आमच्या आयसीयूत होता, तिसरा दिवस. वहीत लिहिलेलं, "अ‍ॅट्रोपिन चालू, स्टेबल", म्हणजे या विषावरचं औषध ड्रिपने चालू. दुपारी ड्रिपचा रेट कमी केलेला तो मागच्या पानावर, आणि उशीवरून मान उचलतो का, हे कुणी लिहिलेलंच नाही. ऑरगॅनोफॉस्फेटमध्ये, म्हणजे या जातीच्या फवारणीच्या विषात, साधारण एक ते चार दिवसांत मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात, छाती साफ असली तरीही. रात्री त्याचा बाप म्हणाला, "दादा, पोऱ्या मान उचलत नई", तेव्हा कुठे आम्ही धावलो, व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं, वाचला. सिस्टरची चूक म्हणणार नाही मी, दहा बेडचं ओव्हर तिने तोंडपाठ दिलं होतं. वही काही विचारत नाही ना!

स्क्रीनने विचारावं एवढंच मला हवंय. अ‍ॅट्रोपिन चालू असेल तर मान, डोळ्यांच्या बाहुल्या, छातीतली घरघर, रेट कधी बदलला, हे भरल्याशिवाय ओव्हर पुढे जायलाच नको. पल्स, बीपी मॉनिटरवरून आपोआप यावं, म्हणजे सिस्टरला टायपिंग कमी आणि "आज रात्री मला याची भीती वाटतेय" हे बोलायला वेळ जास्त, आणि घेणारीने ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं. अमेरिकेत लहान मुलांच्या 9 हॉस्पिटलांत रेसिडेंट डॉक्टरांना अशी ठरलेली पद्धत ट्रेनिंगसकट दिली, 2014 ला अभ्यास छापून आला, चुका 23 टक्क्यांनी कमी झाल्या आणि तोंडी ओव्हरचा वेळ जवळजवळ तेवढाच राहिला. नुसत्या सॉफ्टवेअरने नाही झालं ते, हे तुमच्या बाजूचंच आहे.

लाइट जाते हेही खरंच. म्हणून यूपीएस, आणि शिफ्ट बदलायच्या आधी प्रत्येक बेडचं एक पान प्रिंट काढून ठेवायचं. कालचंच आज कॉपी-पेस्ट होऊ लागलं तर मात्र तुमची वही शंभरदा बरी.

तुम्ही ओव्हर घेताना पेशंटचं सगळ्यात आधी काय बघायचात? लिहा ना, फॉर्ममध्ये त्याची चौकट टाकायची आहे.